दोरी, मुद्गल आणि जातं

परतूरच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीवर चढून कापूस तुडवायचं माझं काम होतं. सातवीतून शाळा सोडून घरापासून इतक्या लांब आलो होतो ते याच कामासाठी. पण माझं अंग सुटत गेलं आणि चढताना धाप लागू लागली. मुकादम म्हणाला, "पुढच्या हंगामाआधी अंग उतरव, न्हाई तर मी दुसरा माणूस बघतो."

म्हणून उड्या मारायची दोरी घेतली. मी माडीवर भाड्यानं राहायचो. तिसऱ्याच उडीला खाली मालकीणबाईंच्या कालवणात माती पडली. दोरी दुकानात परत देऊन फिरवायचा लाकडी मुद्गल आणला, तर तो वर नेला की तुळईवर आदळायचा.

शेवटी बाईच म्हणाल्या, "भाऊ, गिरणी आल्यापासून जातं नुसतं पडून हाय. रोज शेरभर दळा, बराबर उतरताल."

मी उपकार मानून दळायला बसलो. पोट आड यायचं, खुंटा पलीकडं गेला की हात पोचायचा नाही. मग त्या समोर बसून उरलेला अर्धा फेरा ओढू लागल्या. दळून झालं की त्याच पिठाच्या गरम भाकरी मला वाढायच्या. नको म्हणायला माझी जीभ रेटायची नाही. हंगाम महिन्यावर आला, तेव्हा बाई वाळल्या होत्या आणि मी होतो तसाच होतो.