आधी पंखा बंद करा

आमच्या डोंबिवलीत कुणाच्या घरचं माणूस वारलं, की आपटेकाका आत शिरल्या शिरल्या पंखा बंद करायचे. रडणाऱ्या बायका घामाने निथळल्या तरी चालेल. ‘वाऱ्याने बुबुळं सुकतात,’ म्हणायचे, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवायचे आणि नेत्रदानासाठी घरच्यांच्या मागे लागायचे. बँकेतून निवृत्त झालेला किडकिडीत माणूस. लोक चेष्टेने ‘डोळेवाले आपटे’ म्हणत, त्याचं त्यांना काही नसे. ‘अहो, सरणाला डोळे लागत नाहीत,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

माझे बाबा खोपटच्या एसटी डेपोत होते. ते गेले तेव्हा कल्याणहून आलेले माझे सख्खे काका आडवे आले. “तुझा बाप पुढच्या जन्मी आंधळा येईल रे. कुणाच्या नादी लागतोयस?” आई नुसती माझ्याकडे बघत होती. तेव्हा आपटेकाकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“पुढचा जन्म कुणी पाहिलाय? याच जन्मात कुणाला तरी दिसेल. अरे, माझेही मी देणारच आहे.”

त्या शेवटच्या वाक्यावर मी हो म्हटलं. सख्खे काका तेराव्याला आले नाहीत, पुढे माझ्या लग्नालाही नाहीत.

काही वर्षांनी एका सकाळी आपटेकाका गेल्याचं कळलं. मी धावत गेलो. पंखा बंद केला, वाटीत कापूस भिजवला. काकूंनी माझा हात धरला.

“राहू दे रे. परवाच त्यांनी मला शपथ घातली, माझे देऊ नकोस म्हणून. भीती वाटते म्हणाले.”

“कसली भीती?”

“पुढच्या जन्माची.”

हातातला कापूस ठिबकत राहिला. ज्याच्या शब्दावर मी बापाचे डोळे दिले, सख्खा काका तोडला, तो माणूस आपले डोळे चोरासारखा घेऊन निघाला होता. काकूंनी उठून पंखा लावला. मी खांदा दिला, पण मनातून नाही.

बाबांच्या डोळ्यांनी कुणीतरी पाहिलं असेल, त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण आपटेकाकांनी मला फसवलं ते फसवलंच. मरताना माणूस घाबरतो, हे आता या वयात मलाही कळतं. म्हणून बायकोला सांगून ठेवलंय, “शेवटी मी काहीही बरळलो, शपथ घातली, तरी ऐकू नकोस. आधी पंखा बंद कर.”