पट्टीवरचं लाल निशाण

चामोर्शीच्या पलीकडे जंगल तोडून विमान उतरण्यापुरती एक पट्टी केली होती. मनसाराम तिचा राखणदार. चांदा जिल्ह्याच्या जंगलाची वरून पाहणी करायला दिवाळीनंतर एक लहानसं विमान येई. पट्टीवरचं गवत कापायचं, गुरं हाकलायची, वारा कुठून आहे ते कळावं म्हणून धूर करायचा, आणि जमीन धड नसली तर लाल निशाण हलवून विमानाला परतवायचं, हे त्याचं काम. खाकी सदरा अंगात आल्यापासून तो गावात जरा ताठच चालायचा.

विमान पहिल्यांदा आलं तेव्हा बायाबापड्या पोरांना कडेवर घेऊन रानात पळाल्या. मनसारामला फार ओशाळल्यासारखं झालं. पुढच्या खेपेला त्यानंच सगळ्यांना पट्टीच्या कडेला आणून उभं केलं.

"भेता काऊन? दुपट्टे हलवा, पदर हलवा. सायबाले वरून दिसते, त्याले बरं वाटते."

विमान चालवणारे कुरियनसाहेब मलबारकडचे, हसऱ्या तोंडाचे. त्यांनी पंख डोलवून उत्तर दिलं आणि गावाला त्याचा नादच लागला. घरघर ऐकू आली की धानाची कापणी टाकून माणसं धावायची. लाल निशाणाचा अर्थ मात्र मनसारामनं कोणालाच सांगितला नाही. बायकोलाही नाही. ते आपलं सरकारी काम, दुसऱ्याला कशाला सांगायचं, असं त्याला वाटे.

एका हिवाळ्यात अवकाळी पाऊस पडला. जमीन भुसभुशीत झाली आणि रानडुकरांनी कंदांसाठी पट्टी मधोमध उकरून काढली. सकाळी मनसाराम फावड्यानं खड्डे बुजवायला लागला, तोच आवाज आला. विमान त्या दिवशी यायचंच नव्हतं. फावडं टाकून त्यानं निशाण उचललं, पट्टीच्या तोंडाशी धावला आणि जीव खाऊन हलवू लागला.

त्याच्या मागे सारा गाव जमला होता. हिरवे, पिवळे, लाल पदर वाऱ्यावर उडत होते. सगळ्यांच्या पुढे वच्छला, त्याची बायको, आपल्या लाल लुगड्याचा पदर उंच धरून हसत होती.

"थांबवा! हलवू नका!" तो ओरडला. विमानाच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही. विमानानं पंख डोलवले आणि ते खाली आलं. चाक खड्ड्यात गेलं, शेपटी वर उचलली गेली आणि विमान तोंडावर आपटून उलथलं.

माणसांनी पत्रा वाकवून साहेबांना बाहेर काढलं. उजव्या पायाचा पार चुराडा झाला होता. खाटेवर घालून बैलगाडीकडे नेताना त्यांनी मनसारामचा हात धरला.

"इतने लोग बुला रहे थे," ते म्हणाले. त्यात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

घरी आल्यावर वच्छला चुलीपुढे बसून रडली. "लाल म्हंजे उतरू नको, हे मले काऊन नाई सांगितलं? मी सगळ्याइले थांबवलं असतं ना."

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यानं राखणदाराला दोष दिला नाही. रानडुकरांना कोण काय करणार? साहेबांना नागपूरच्या दवाखान्यात नेलं, पाहणीचं काम दुसरीकडे गेलं, पट्टीवर तरोट्याचं रान माजलं. पण मनसारामला अन्न गोड लागेना. साहेबांना एकदा सांगायचं होतं, मी बोलावत नव्हतो, मी थांबवत होतो. आणि गावाचा दोष नाही, मीच त्यांना अर्धवट शिकवलं.

उन्हाळ्यात चारोळी गोळा झाली तेव्हा त्यानं एक पुरचुंडी बांधली आणि चांद्याहून रेल्वेनं नागपूर गाठलं. दवाखान्यात विचारत विचारत तो खाटेपर्यंत पोचला. तिथं दुसराच म्हातारा झोपला होता.

"ते मलबारी साहेब? त्यांचा पाय कापला," नर्सबाई म्हणाल्या. "भाऊ येऊन गावी घेऊन गेला. गाव कोणतं ते ठाऊक नाही."

तेवढ्यात म्हातारा जागा झाला. त्यानं मनसारामला विचारलं, "कोन पाह्यजे, भाऊ?"

"कोनी नाई," तो म्हणाला. मग पुरचुंडी म्हाताऱ्याच्या उशाशी ठेवून तो स्टेशनाकडे निघाला.