मी मारलेले इंजिनियरसाहेब

चहा आधी पिऊन घ्या, राव. ऐकल्यावर घशाखाली उतरायचा नाही. जन्मभर गावाची थट्टा केली मी, पण ज्या दिवशी अगदी खरं बोललो, त्या दिवशी एक धडधाकट इंजिनियर कागदावर मारून बसलो!

राजुरीच्या शिवारात, उसाच्या कडेला आमचं नवं घर. स्लॅब पडला, रंग झाला. पण देखरेखीच्या इंजिनियरानं 'काम पुरं झालं' असं सहीनिशी लिहून दिल्याशिवाय विजेचा मीटर मिळेना. आणि साहेब चार महिने गायब! फोन बंद!

तोवर आम्ही नवराबायको पत्र्याच्या शेडात. दिवेलागणीला उसात सळसळ झाली की ही आतून कडी धरून बसायची. सकाळी अंगणात बिबट्याचे ठसे. एकदा तर ठसे दारापर्यंत आलेले, पण परत गेलेले नाहीत! मग गेला कुठं तो? सांगा की!

"आवसंच्या आत पक्क्या घरात न्या," बायको म्हणाली, "न्हाईतर मी चालले अवसरीला, माहेरी."

पासष्टीत माहेरी! गाव हसून मरेल.

तालुक्याला कचेरीत गेलो. तिथले कारकून भाऊसाहेब म्हणाले, "इंजिनियर बदलता येतो, तात्या. पण जुन्याची ना-हरकत पायजे."

"सापडंनाच तर?"

"शोधा की! मेलाय थोडाच?"

आणि परत येताना जीपमधून फाट्यावर काय दिसावं? भला थोरला फ्लेक्स. 'भावपूर्ण श्रद्धांजली!' आणि त्याखाली आमचे साहेब. पांढरा सदरा, हात जोडलेले, थेट माझ्याकडं बघतायत. जीप पुढं गेली तरी ती नजर पाठीला चिकटलेली. घरी येऊन जेवण जाईना.

दुसऱ्या दिवशी कचेरीत सांगितलं. भाऊसाहेब बिचारे उठून दोन मिनिटं डोळे मिटून उभे राहिले. मग अर्जावर मी माझ्या हातानं लिहिलं, 'जुने इंजिनियर मयत.' खाली सही ठोकली. मंचरचा नवा इंजिनियर नेमला.

आठ दिवसांनी नवा पाहणीला आला. भर दुपारचे बारा. वारा पडलेला, ऊस मुका. एक पाखरू बोलंना. ही बाजाराला गेलेली, आम्ही दोघंच खालच्या खोलीत उभे. आणि वरून आवाज आला.

सर्रर्र... खट्!

"वर कोण आहे?" नवा म्हणाला.

"कोन न्हाई."

सर्रर्र... खट्! कुणीतरी टेप ओढत होतं, सोडत होतं. मग भिंतीवर टक... टक... टक.

"जुनं साहेब असंच ठोकून बघायचं," मी पुटपुटलो.

"ते तर वारले ना?"

"व्हय."

तेवढ्यात जिन्यावर पावलं. पांढरा सदरा. तोच चेहरा. आणि आवाज आला, "तात्या, टाकी चार बोटं तिरकी बसलीय."

नव्याची एक चप्पल आमच्या दारात राहिली. "मेलेल्याच्या कामावर मी सही करत नसतो!" एवढं ऐकू आलं, मग नुसती मोटरसायकल.

मी खांबाला मिठी मारली, डोळे गच्च. "साहेब, काय इच्छा राहिली आसंल ती सांगा! दहाव्याला कावळ्याला वाढतो!"

"दहावा? चुलतीचा तर झाला की परवा."

"आवं, फ्लेक्सवर तुमचा फोटू..."

"चुलती वर कोपऱ्यात हाय. मी खाली, शोकाकुल. औंदा विलेक्शनला उभा ऱ्हातोय ना, म्हणून माझा जरा मोठा घेतला. त्याच्याच धावपळीत होतो चार महिने. आज सवड काढली, तुमी यायच्या आधीच वर चढून मापं घेत होतो. हा घ्या तुमचा दाखला!"

बघतो तर खरंच दाखला! साहेबांची सही, आजची तारीख. आणि सरकारी कागदावर साहेब वारून आठ दिवस झालेले!

तसाच कचेरीत पळालो. "भाऊसाहेब, साहेब जित्तं हायेत!"

त्यांनी चष्मा काढला. "तात्या, मेल्या माणसाची तरी थट्टा सोडा."

मी फोन लावून दिला. पलीकडून साहेब घसा फोडून सांगतायत, "मी जिवंत आहे!" भाऊसाहेबांनी फोन माझ्या हातात ठेवला. "कुणाला बसवलंय बोलायला? गेल्या साली मोठ्या साहेबाचा आवाज काढून मला रविवारी कचेरी उघडायला लावली, ते तुमीच ना?"

"मग साहेबांनाच आणतो हितं!"

"आणा. पण मी खुर्चीत नसंन. मला असल्या गोष्टींचं लई भ्या वाटतं."

आवस उजाडली. बायको पिशवी घेऊन एसटीत बसली. मी खिडकीखालून पळतोय, हातात दाखला फडफडतोय. "आगं, साहेब जित्तं हायेत! सही झालीया! आईशप्पत खरं!"

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, आणि कंडक्टरला म्हणाली, "डबल मारा, भाऊ. यांचं रोजचंच हाय."