सात नंबरचा हुरडा

इत्तोच्या तोंडी लागू नये, हे आमच्या खोऱ्यातल्या खेचरांनाही ठाऊक आहे. साठीला टेकलेली बाई. नवऱ्याचा गुडघा गेल्यापासून नांगर स्वतः धरते आणि कुणी कीव केली की त्यालाच नांगराला जुंपायची भाषा करते.

इथे अ‍ॅटलास पर्वतात, उंचावर, मार्चमध्ये बर्फ वितळलं की जव पेरायचा आणि ऑगस्टची गारपीट यायच्या आत घरात आणायचा. गेली दोन वर्षं गारपीट आधी पोचली. म्हणून सरकारी केंद्राने वाणांच्या चाचणीसाठी जागा मागितली, तेव्हा इत्तोने आपलं सपाट शेत दिलं. आठ वाणं, प्रत्येकाचे तीन वाफे, विखुरलेले, पाटीवर नुसते नंबर. नियम एकच: वजनात पहिल्या पाचांत येणार नाही ते वाण बाद.

इत्तोचा जीव जडला सात नंबरवर. "हा गारांच्या आधी घरात येईल," असं ती जूनपासून भेटेल त्याला सांगत सुटली.

इंजिनियर झुहैर पेरणीला आला होता. मग मे महिन्यात पूल वाहून गेला, आणि तो उगवला थेट जुलैअखेर, कापणीला. पहिल्याच वाफ्यापाशी थबकला. कडेच्या ओंब्या आधीच खुडलेल्या.

"हे कुणी कापलं?"

"मी," इत्तो म्हणाली. "शेळ्यांवर आळ घालू का?"

"मावशी, ही चाचणी आहे!"

"शेजारणींना हुरडा चाखवल्याशिवाय जवाला विळा लावत नाहीत. आईने शिकवलं नाही?"

"मी कासाब्लांकाचा."

"मग तिचा दोष नाही."

त्याने वही मिटली. इथली चाचणीच रद्द करावी लागेल म्हणाला. माझं डोकं फिरलं. गावच्या संस्थेची कागदपत्रं मी सांभाळते. केंद्राला पुलाबद्दल चार अर्ज केले होते, एकाचं उत्तर नाही. "तीन महिने तोंड दाखवलं नाहीत, आणि आता मूठभर ओंब्यांवरून आम्हाला रद्द करता?"

इत्तोने मला हातानेच गप्प केलं. "पोरा, पेरताना तू काय म्हणालास? कडेच्या ओळी खोटं बोलतात. त्यांना मोकळी जागा जास्त, म्हणून त्या वजनात धरायच्या नाहीत. मी त्या खोटारड्यांनाच भाजलं."

तो गुडघ्यांवर बसला. चोवीसच्या चोवीस वाफे बघितले. आतल्या एकाही ओळीला विळा लागला नव्हता. तेव्हा कुठे हसला.

कापणी झाली, मळणी झाली, काटा लागला. चार नंबर पहिला. सात नंबर सहावा.

"बाद," झुहैर हळूच म्हणाला.

इत्तो पेंढीवर बसली. मग एकदम उठली, सात नंबरच्या वाफ्यातली माती ओंजळीत घेऊन आली. निम्मी ओंजळ दाण्यांनी भरलेली.

"झडलाय तो. तीन आठवडे पिकून तुझी वाट बघत होता."

"दिसतंय मला. पण लवकर पिकला याची नोंद कुठाय? मी इथे नव्हतो."

"मी होते ना. जो वाफा हुरड्यात आला, त्याचा हुरडा केला, नंबर सांगून शेजारणींना दिला. सात नंबरचा मेंढ्या कातरल्या त्या आठवडी बाजाराच्या दिवशी. बाकीचे दुसऱ्या-तिसऱ्या बाजाराला. चार नंबर तर चौथ्या."

"आठवणीवर तक्ता भरता येत नाही, मावशी."

"मग साक्षीवर भरा!" मी ओरडले. "हुरडा खाणाऱ्या तिघी शेजारणी अजून जिवंत आहेत."

माणूस खरा. तिघींच्या अंगणात वेगवेगळा गेला, कुणाला कुणाचं उत्तर कळू दिलं नाही. तिघींनी तेच सांगितलं: मेंढ्या कातरल्या तेव्हा सात नंबर, शेवटी चार. त्यांतल्या थोरल्या तौदाने वर ऐकवलं, "सात नंबरची चव बरी आहे, पण साल जाड. तेही लिही, नुसतं गोड गोड नको." तेही त्याने लिहिलं.

परत येऊन तक्त्यात नवा रकाना आखला: हुरड्यात येण्याचा दिवस. खाली लिहिलं, 'गावातील महिलांच्या सांगण्यावरून'. मी 'सांगण्यावरून' खोडायला लावलं. 'निरीक्षणावरून' लिहून घेतलं, मगच त्याला चहा दिला.

चहा पिता पिता त्याने निकाल दिला. लवकर पिकणारं वाण म्हणून सात नंबर पुढच्या वर्षी चाचणीत राहणार. आणि सगळे वाफे एका दिवशी कापायचे नाहीत. जो पिकेल तो तेव्हाच कापायचा, केंद्राची वाट न बघता.

"मी काटा ठेवून जातो. तूच काप, तूच जोख."

इत्तोने काटा उलटासुलटा करून पाहिला, जमिनीवर सपाट ठेवला.

"चढ आधी तू," ती म्हणाली. "तुझं वजन ठाऊक आहे ना तुला? बघू दे, हा तरी खरं बोलतो का."