बाराशे फुटांचा भाव

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तिच्यापासून लपवलेलं दुसरं काही मला आठवत नाही — हे एवढंच. तुम्हाला का सांगतोय, ते मला नीट कळलेलं नाही.

मी निवृत्त शिक्षक, राहणार देऊळघाट. गणित शिकवायचो. गावात कुणाला प्लॉट घ्यायचा-विकायचा असला की लोक आधी माझ्याकडे येतात, दलालाकडे नंतर. कारण मी त्याचे पैसे घेत नाही. चहासुद्धा आमच्याच घरचा. आजूबाजूला वर्ष-दोन वर्षांत काय विकलं गेलं ते काढायचं — कागदावरचा आकडा नाही, खरोखर हातात पडलेला. मग रस्ता किती रुंद, नळ आहे का, एन.ए. झालंय का, पावसाळ्यात पाणी साचतं का. भाव आपोआप निघतो. घेणारा थोडा नाराज, विकणारा थोडा नाराज, म्हणजे भाव वाजवी — असं मी ऐटीत सांगायचो. ‘सरांनी सांगितलं म्हणजे झालं’ असं लोक म्हणायचे. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

सहा वर्षांपूर्वी आमच्या घराला लागून असलेला रिकामा प्लॉट विकायला निघाला. तीस बाय चाळीस, बाराशे फूट. मालक शेगावला लॉज चालवतो. त्याचा फोन आला, “सर, तुम्ही ठरवाल तो भाव. गिऱ्हाईकबी तुम्हीच पाहा.” मी दोन दिवस विचारपूस केली, हिशेब मांडला. फुटाला सहाशे. सात लाख वीस हजार. तो आकडा बरोबर होता.

मग सुजाता आली.

सुजाता माझी विद्यार्थिनी. बौद्ध कुटुंबातली, गावाच्या त्या टोकाच्या वस्तीतली. वडील लवकर गेले. आई, कौतिकाबाई, जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात निंदायला-खुरपायला गेली. पोरगी हुशार निघाली, बुलढाण्याला नर्स झाली. शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात मी तिचं नाव घ्यायचो — ‘ही माझी पोरगी’ म्हणायचो. तिच्या घरी मी जेवलोही होतो. त्यात मला कधीच अडचण नव्हती. तेवढा मी सुधारलेला होतो.

रविवारी सकाळी मायलेकी आल्या. कौतिकाबाईनं चपला काढून प्लॉट पावलांनी मोजला, कोपऱ्यात उभी राहून म्हणाली, “इथं मोरी काढू, अन् इथं कढीपत्ता.” सुजाता माझ्याकडे वळली. “सर, वाजवी भाव काय हाय ते तुम्हीच सांगा. मले दुसऱ्या कोनाले विचारायचं नाही.”

सहाशे. एवढंच तर सांगायचं होतं. चाळीस वर्षं मी पोरांना सांगत आलो — उत्तर एकच असतं, विचारणारा कोण आहे त्यावर ते बदलत नाही.

मी आठशे सांगितलं.

तोंडातून कसं निघालं म्हणू? — नाही, तसं म्हणणं खोटं होईल. मी पाहत होतो ती जागा जिथं मोरी येणार होती. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी तिकडेच उघडते. मी मनात भिंत मोजली, खिडकी मोजली, आणि मग आठशे सांगितलं. नऊ लाख साठ हजार. तिला ते झेपणार नाही, हे मला माहीत होतं. 

तिचा चेहरा उतरला, पण तिनं घासाघीस केली नाही. आईला म्हणाली, “सर म्हनतात म्हनजे तेवढाच असंन.”

इथं थांबलो असतो तरी ते घाणेरडंच होतं. पण पुढचं ऐका. महिन्याभरानं ती परत आली. हसत आली. “जमलं सर. आईच्या नावचा एक एकर तुकडा होता ना, त्याले गिऱ्हाईक भेटलं. आठशेच्या भावानं घेतो आम्ही.”

आता काय करायचं? आकडा संपला होता. तेव्हा मी आवाज खाली आणला, जवळ बोलावलं — बापासारखं — आणि म्हणालो, “घेऊ नको बाई. मागून बायपास निघते. नकाशात अर्धा प्लॉट जाते. मालकानं सांगितलं नाही, पण मी तुले फसू देणार नाही.”

कसला बायपास? कुठला नकाशा? माझ्या डोक्यातला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं — कृतज्ञतेचं. आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाच हात.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत होतो की गल्लीला नको होतं. गल्लीत सगळे आमच्याच जातीचे, त्यांनी मला शेवटपर्यंत ऐकवलं असतं, मी एकटा काय करणार... सगळं खोटं. गल्लीतलं कुणी माझ्याशी अवाक्षर बोललं नव्हतं. बायको तर उलट म्हणाली होती, “सुजाता शेजारी आली तर बरंच हाय की, बीपी तपासाले घरचीच सिस्टर.” नको होतं ते मला. एकट्या मला. जयंतीला दरवर्षी समतेवर भाषण करणाऱ्या मला. हे सांगतानाही जिभेवर काहीतरी सडल्यासारखं वाटतंय.

प्लॉट पुढच्याच महिन्यात आमच्यातल्या एकाला दिला. सात लाख वीस हजारालाच — त्याला मी खरा भाव सांगितला.

सुजातानं वर्षभरानं गावाबाहेर, नळ नसलेल्या बाजूला लहान जागा घेतली. आईचा एकर तोवर विकून झाला होता. घर बांधलं, गृहप्रवेशाला मला आग्रहानं बोलावलं. बुद्धवंदना झाली. मग तिनं सगळ्यांसमोर मला उभं केलं. “या सरांनी मले वाचवलं. नाहीतर मी बायपासमध्ये जानारा प्लॉट घेऊन बसली असती. ज्यायनं घेतला त्यायले बिचाऱ्यायले कोनी सांगितलंच नसंन.”

टाळ्या वाजल्या. कौतिकाबाईनं माझ्या अंगावर शाल टाकली. दोन शब्द बोला म्हणाले. मी नाही म्हणू शकलो असतो. घसा बसलाय म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी बोललो — व्यवहारात माणसानं सचोटी कशी ठेवावी, यावर, चांगली दहा मिनिटं. मध्ये एक विनोदही केला.

नंतर खीर होती. सुजातानं स्वतः आणून दिली. छान झाली होती. मी दोन वाट्या खाल्ल्या.