भाव सांगणाऱ्या ताई

रेडिओवर रोज संध्याकाळी शेअरबाजाराचे बंद भाव वाचणाऱ्या बाईंना सगळी गल्ली भावताई म्हणायची. नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी बजावलं होतं, "भाव वाचायचे, पण आवाजात भाव आणायचा नाही." ताईंनी ते इमानेइतबारे पाळलं. कागद सरकवल्याचा आवाज येऊ नये म्हणून स्टुडिओतल्या टेबलावर जाड लोकरी कापड अंथरलेलं असे. त्यावर कोपरं टेकून त्या एकाच सुरात वाचत. स्वतःकडे औषधालाही शेअर नव्हता. कोणी विचारलं, "ताई, उद्या बाजाराचं काय?" तर म्हणायच्या, "मला उद्याच्या भाजीचं विचारा."

मग दूर कुठेतरी, तेलाच्या विहिरींच्या मुलखात लढाई पेटली. तेल कडाडलं आणि बाजाराने मान टाकली. नेमका त्याच आठवड्यात ताईंचा घसा बसला. तशातच त्यांनी भाव वाचले आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गोळ्या घ्यायला गेल्या.

"काल तुमचा रडवेला आवाज ऐकला," तो म्हणाला. "म्हटलं, आता काही खरं नाही. सकाळी होते नव्हते ते सगळे शेअर विकून टाकले."

"अहो, मला सर्दी झालीये."

"हे आता सांगताय?"

आपल्या आवाजानेच बाजार पडला की काय, असं ताईंनी त्या रात्री जेवताना विचारलं. जेवायला आलेले दीर बँकेत नोकरीला होते. सगळं ऐकून ते हसले.

"वहिनी, तुमच्या खोकल्याने बाजार पडत असता, तर आमच्या बँकेने तुम्हाला मध चाटवायला माणूस ठेवला असता. कंपन्यांचा नफा वाढला, व्याज उतरलं, की भाव चढतात. महागाई आली, लढाई झाली, की पडतात. बाकी माणसांची भीती आणि हाव. वीस-तीस वर्षं ज्यांनी दम धरला त्यांचं बहुतेकदा भलं झालंय. पण मधली कित्येक वर्षं बाजार जागचा हललाही नाही, तेही खरं."

"ती वर्षं मीच वाचलीत," ताई म्हणाल्या. "आमचा धाकटा रांगायचा तो शाळेत जायला लागला, तरी भाव तेच. मला वाटायचं, टायपिस्ट जुनाच कागद पुढे करतोय."

दुसऱ्या संध्याकाळी शेवटचा भाव वाचून झाल्यावर ताईंनी पुढे सांगितलं, "श्रोतेहो, माझा घसा बसलाय. बाजाराशी त्याचा काही संबंध नाही." काचेपलीकडे साहेबांनी कपाळाला हात लावला. नंतर चांगलंच झाडलंही. पण आठवडाभर श्रोत्यांची पत्रं आली, त्यांत घशावरचे इतके काढे होते की साहेबांनीही दोन उतरवून घेतले.

औषधवाल्याने मात्र अबोला धरला. बाजार आणखी पडेल म्हणून तो वाट पाहत राहिला आणि बाजार सावरत गेला. शेवटी विकले त्याहून चढ्या भावाने घ्यावे लागले, आणि तेवढ्याच पैशांत आधीपेक्षा कमीच शेअर त्याच्या हाती लागले. मग एका रविवारी तो बायकोला घेऊन ताईंच्या दारात उभा राहिला.

"ताई, चूक तुमच्या घशाची नव्हती. माझ्या कानांची होती."

"आधी आत तर या," म्हणत ताईंनी चहाचं आधण ठेवलं.

निवृत्तीनंतर हातात आलेल्या रकमेतली निम्मी ताईंनी बँकेत टाकली. उरलेली दिरांच्या हवाली करत म्हणाल्या, "ही शेअरमध्ये घाला. आणि दहा वर्षं तिची खुशाली मला कळवू नका."