अर्जातलं कारण

हॉस्पिटलातल्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये त्यांना सगळे लिनक्सकाका म्हणत. बावीस वर्षं रिपोर्टांच्या नोंदी करणारा माणूस, आणि जुन्या मशीनवर विंडोजऐवजी स्वतःच्या हातांनी लिनक्स चढवलेलं. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला खपायचा नाही. काळ्या स्क्रीनवर पिवळी, बोटभर उंच अक्षरं.

"काका, हा कॉम्प्युटर आहे की दुकानाची पाटी?" पोरी चिडवायच्या.

"म्हातारपणाची हौस," म्हणत काका हसण्यावारी न्यायचे. हौस कसली डोंबलाची! तीन वर्षांपासून त्यांना मधलं दिसत नव्हतं. जिथे नजर लावावी तिथेच धुरकट डाग. हे आता बरं व्हायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बायकोला ठाऊक होतं, लॅबमध्ये कुणालाच नाही.

मग मुख्य ऑफिसचं पत्र आलं. सोमवारपासून सगळीकडे विंडोज. अक्षरांचा आकार, रंग, कशालाही हात लावायचा नाही. ज्याला जुनंच हवं, त्याने कारण लिहून अर्ज द्यावा.

झाली का पंचाईत! कारण लिहिलं तर मशीन राहील, पण ज्याला दिसत नाही अशा माणसाला रिपोर्टांवर कोण ठेवेल? निवृत्तीला अजून चार वर्षं होती.

"लिहून टाका हो एकदाचं," बायको म्हणाली.

"जमवतो मी. पाठ करतो सगळं."

आणि खरंच केलं बरं का! डबा खायच्या सुट्टीत शेजारच्या, आधीच विंडोज आलेल्या मशीनवर बसून बटणं मोजली. आकडे टेक्निशियन क्रमाने तोंडी सांगायचीच. पेशंटच्या यादीत चौथा हवा असेल तर बाण तीनदा खाली, मग एंटर. सोमवारपासून तीन दिवस गाडी सुरळीत चालली.

गुरुवारी मधेच एक तातडीचा नमुना आला आणि नव्या यादीत तो आपोआप सगळ्यांच्या वर जाऊन बसला. काकांनी नेहमीसारखं मोजलं. सगळी नावं एकेक ओळ खाली सरकली होती, ते त्यांना दिसलंच नाही.

"काका, हे धोक्याचं पोटॅशियम या मुलीचं कसं?" टेक्निशियन ओरडली. "ही तर पाय मुरगळला म्हणून आलीय!"

ज्याचं ते होतं, तो म्हातारा वरच्या वॉर्डात पडून होता. लगेच फोन गेला, उपचार वेळेत मिळाले.

"जाऊ द्या हो काका, सिस्टीम नवी आहे, कुणाचंही होईल," सगळ्यांनी समजूत काढली. सुटायला एवढं पुरेसं होतं.

काका उठले ते थेट इन्चार्ज बाईंच्या खोलीत.

"अर्ज द्यायचाय. तुम्हीच लिहा, मी सांगतो. कारण, मला दिसत नाही. आजची चूक सिस्टीमची नाही, माझी."

बाईंचं पेन थांबलं. "काका, मशीन मिळेल परत. पण रिपोर्टांवर मला तुम्हाला ठेवता यायचं नाही."

"माहितीय."

"निदान ते दुसरं वाक्य तरी गाळू?"

"नको. त्या माणसाला काही झालं असतं, तर मी जन्मभर स्वतःला माफ केलं नसतं."

बाईंनी कागद त्यांच्यासमोर सरकवला. काकांनी पेन हातात घेतलं, आणि इतकी वर्षं कुणालाही न विचारलेली गोष्ट विचारली.

"सही कुठे करायची, जरा दाखवता?"